कासवीची दृष्टी

आपल्या संतांना कासवीचे मोठे अगत्य. कासवी एका तीरावर असते, पिल्ले दुसऱ्या तीरावर असतात. ती त्यांना दूध पाजीत नाही, चारा भरवीत नाही, केवळ दुरून पाहते आणि त्या पाहण्यानेच पिल्ले पोसली जातात, हा दृष्टान्त संतवाङ्मयात पुन्हा पुन्हा भेटतो. गुरूची शिष्यावरील किंवा देवाची भक्तावरील कृपा सांगावयाची झाली की ही कासवी हटकून येते. आमचा विषय मराठी; तेव्हा हा दृष्टान्त आमच्या वर्गातही दरवर्षी येतो.

परंतु आमचा वर्ग पेडणे तालुक्यातला. मोरजीचा किनारा येथून दूर नाही आणि त्या किनाऱ्यावर खरीखुरी समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. तेथील वाड्यांवरून शाळेत येणारी मुले नुसत्या दृष्टान्तावर भागवून घेत नाहीत. एका मुलीने मागे विचारले, "सर, कासवी तर अंडी पुरून लगेच दर्यात जाते. परत फिरकतसुद्धा नाही. मग ती पाहते केव्हा?"

प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर. प्राणिशास्त्राशी आमचा संबंध शाळेतच सुटला. तरी त्या प्रश्नाने आम्हांला पुस्तकाबाहेर काढले आणि गेली काही वर्षे दर हंगामात विद्यार्थ्यांसह किनाऱ्यावर नेले. तेथे जे पाहिले आणि ऐकले, ते या अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या किनाऱ्यावर येणारे कासव मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचे. पाठीचा रंग हिरवट करडा, पाठ दोन सव्वादोन फूट लांब, वजन सुमारे पस्तीस ते पंचेचाळीस किलो. नर एकदा समुद्रात गेला की बहुधा पुन्हा जमिनीवर येत नाही. मादी येते ती केवळ अंडी घालण्यासाठी. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच्या एखाद्या रात्री ती भरतीच्या रेषेच्या वर सरपटत येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभर सव्वाशे अंडी सोडते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि आपल्या अंगाने थापटून ती जागा सपाट करते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. आमच्याकडील जुन्या बायका म्हणत, आई लेकरांना सोडून जाताना रडते. शास्त्र सांगते की, खाऱ्या पाण्यात राहणारा हा जीव शरीरातील जास्तीचे मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकीत असतो. दोन्ही म्हणणी आम्ही वर्गात सांगतो. शास्त्र कोणते आणि माया कोणती, हे मुलांना बरोबर कळते.

एवढे झाले की कासवी समुद्रात परतते. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी वाळूच्या उबेवर असतात. पिल्लू नर होणार की मादी, हेदेखील त्या उबेवरच ठरते. वाळू थंड असेल तर नर अधिक आणि उष्ण असेल तर माद्या अधिक. पिल्ले बहुधा रात्री किंवा पहाटे वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ असेल तिकडे धाव घेतात. मनुष्यवस्ती नसलेल्या किनाऱ्यावर रात्री उजळ दिसतो तो समुद्रच. लाखो वर्षे हा नियम त्यांना अचूक घरी पोहोचवीत आला. आज मात्र किनाऱ्यावर दिवे आहेत. दिव्यांना भुललेली पिल्ले माडांच्या बनाकडे, रस्त्याकडे चालू लागतात आणि सकाळी कावळे, कुत्रे किंवा ऊन त्यांचा निकाल लावतात.

तात्पर्य, त्या मुलीचे म्हणणे खरे आहे. कासवी मागे पाहत नाही. तिच्या पिल्लांना कोणाच्या तरी दृष्टीची गरज असेल, तर ती दृष्टी दुसऱ्या कोणाची तरी असावी लागेल.

आमच्या लहानपणापर्यंत ही दृष्टी किनाऱ्यावर होतीच. पण ती वेगळ्या हेतूची. कासवाची अंडी पौष्टिक मानली जात. रात्री वाळूवर वल्ह्यांचे माग शोधीत जाणारे लोक होते. काही अंडी घरी खाल्ली जात, काही विकली जात. याला पाप समजावे असे कोणाच्या मनात नव्हते. समुद्र मासे देतो तशी अंडी देतो, एवढाच हिशेब. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला स्थान मिळाले आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यालाही. पण कायदा दिल्लीत झाला म्हणून तेंबवाड्यावरच्या माणसाची रात्र बदलत नाही. ती बदलली विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, वनखाते आणि गावकरी एकत्र आले तेव्हा. अंड्यांचा माग काढण्यात जे तरबेज, त्यांनाच राखणीसाठी बोलावण्यात आले.

त्यांपैकी एका वृद्ध गृहस्थांना आम्ही विद्यार्थ्यांशी बोलावयास नेले होते. मुले त्यांना काका म्हणत होती आणि ते आम्हांला मास्तर म्हणत होते. भाषणाची त्यांना सवय नव्हती. वाळूत उभी केलेली जाळी, तिच्यावर अडकवलेली तारखेची पाटी, एवढे दाखवून झाल्यावर ते हसून म्हणाले, "मास्तर, आदीं चोरतालों, आतां राखतां." पूर्वी चोरत असे, आता राखतो. कोंकणीतल्या या चार शब्दांत त्यांनी सारे आयुष्य सांगितले. मुलांपैकी एकाने विचारले, "काका, रात्रभर कंटाळा येत नाही?" ते म्हणाले, चोरीसाठी जागत होतो तेव्हा भीती असे, आता भीती नाही, इतकाच फरक; झोप तेव्हाही येत होती, आताही येते.

२०११ सालच्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्यातील मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग ही चार ठिकाणे कासवांची प्रजननस्थळे म्हणून नावानिशी नमूद झाली आहेत. तथापि या आश्रयस्थानांना तट नाही, दार नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर पहारेकरी तिकीट तपासतो, तसे येथे काही नसते. त्याच वाळूवरून रापण ओढली जाते, तेथेच पर्यटक हिंडतात आणि पोरे फुटबॉल खेळतात. असे ठिकाण भिंतीने राखता येत नाही. भोवतालच्या माणसांनी राखायचे मनावर घेतले तरच ते राहते. सभा, स्वच्छता, व्याख्याने, महोत्सव या गोष्टींकडे शोभेचे कार्यक्रम म्हणून पाहण्याची आपल्याला सवय असते. आमचे मत वेगळे झाले आहे. ज्याला भिंत नाही अशा आश्रयस्थानाची भिंत हीच होय.

आमच्या शाळेचे कार्यक्रम फार मोठे नाहीत. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ केले जातात. त्या दिवशी आमची मुलेही जातात. पावसाळ्याने आणून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, तुटक्या जाळ्या आणि दोरखंड यांचे ढीग काढतात. जाळीच्या तुकड्यात पाय गुंतून कासवे मरतात, हे एकदा कळल्यावर मुले दोर शोधून शोधून काढतात. नोव्हेंबरच्या आरंभी, मादी येण्याच्या आधी, दुसरी फेरी होते. त्या वेळी वाळूत खोदलेले खड्डे आणि मुलांनी बांधलेले किल्लेदेखील मोडावे लागतात, कारण अडखळलेली मादी अंडी न घालताच परत जाते. २३ मे हा जागतिक कासव दिन. पण तेव्हा शाळेला सुटी असते, म्हणून आमचा कासव दिन आम्ही फेब्रुवारीतच करतो. निबंध, चित्रे, एक छोटेसे नाटुकले. नाटुकल्यात दिव्याचे काम करण्यास कोणी तयार नसते, कारण तो खलनायक ठरतो.

अशाच एका कार्यक्रमानंतर नववीतला एक मुलगा मागे थांबला. त्याच्या घरच्यांचे किनाऱ्यावर शॅक आहे. सहा महिने तो धंदा चालतो आणि त्यावर वर्ष निघते. तो म्हणाला, "सर, कासव वर्षातून एखाद्या रात्री येते. आम्हांला मात्र रोज जेवायचे असते." बोलण्यात उद्धटपणा नव्हता, घरी रोज ऐकलेले तो सांगत होता.

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. शॅकचा हंगाम आणि कासवांचा हंगाम एकच आहे. दिवे आणि संगीत यांसाठी येणारे गिऱ्हाईक आणि काळोख व शांतता मागणारी कासवी एकाच रात्री एकाच वाळूवर येतात. घोषणा देणाऱ्यांचे त्यात काही जात नाही. जाते ते किनाऱ्यावरच्या घराचे. राखण करणाऱ्यांनाही काम असते ते हंगामापुरते. ज्याच्या ताटातला घास आपण कमी करावयास सांगतो, त्याला आपण काय देतो, याचा विचार न करता दिलेला उपदेश पोकळ असतो. आम्ही त्या मुलाला तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. त्याच वर्षी वेळासला सहल नेण्याचे ठरले आणि तो यावा म्हणून आम्ही त्याच्या वडिलांना मुद्दाम भेटलो.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले गाव, नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून प्रसिद्ध. आम्ही पेडण्याहून कोकण रेल्वेने खेडला उतरलो आणि मंडणगडमार्गे गावात पोहोचलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने श्री. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली येथे कासवांच्या संरक्षणास आरंभ केला. येथेही अंडी चोरली जात होती आणि येथेही गावातील तरुणच राखणदार झाले. पुढे २००६ पासून गावात कासव महोत्सव भरू लागला. महोत्सव म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे दिव्यांच्या माळा आणि ध्वनिक्षेपक आले होते. प्रत्यक्षात गाव शांत होते. पाहुण्यांसाठी हॉटेल नाही. गावातल्या घरांतच उतरायचे, घरातले जेवायचे. आम्ही ज्या घरी उतरलो तेथील काकूंनी पंगतीला आमसुलाचे सार वाढले आणि मुलांना दटावले, "समुद्रावर जाताना बॅटरी लावायची नाही हो!"

रीत अशी. राखणदार पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि तारीख नोंदवतात. दिवस भरत आले की वर टोपली झाकतात. रोज सकाळ संध्याकाळ टोपल्या उचलून पाहतात आणि पिल्ले आली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. पाहुणे दोरीच्या अलीकडे. पिल्लाला हात लावायचा नाही, उचलून पाण्यात टाकायचे नाही. त्याने आपल्या पायांनी जायचे.

पहिल्या संध्याकाळी टोपल्या उचलल्या, तर एकही पिल्लू नव्हते. इतक्या लांब येऊन काही न पाहता परतावे लागणार की काय, अशी कुजबुज झाली. तेव्हा राखणदार तरुण म्हणाला की, हा सर्कशीचा खेळ नव्हे. ती त्यांच्या वेळेने येतात. कोंकणी आणि मराठी यांमधली एक मौज आम्हांला त्या वेळी आठवली. मराठीत वेळ म्हणजे काळ. आमच्या कोंकणीत वेळ म्हणजे समुद्राचा किनारा. संस्कृतातल्या वेला या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. कासवाला हव्या असतात त्याही याच दोन गोष्टी: मोकळा किनारा आणि पुरेसा काळ. त्या रात्री अंगणात बसून आम्ही मुलांना हा शब्द समजावून दिला. वर्गात तो इतका चांगला समजला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली सतरा पिल्ले होती. तळहाताच्या निम्म्यानेही नसलेला तो काळा जीव, पण पाय वल्ह्यांसारखे मारीत निघाला. लाट आली, पिल्लू उलटे पडले, मागे आले, सुलटे झाले, पुन्हा निघाले. दोरीच्या अलीकडे शंभरएक माणसे असतील. कोणी बोलत नव्हते. शॅकवाल्यांचा मुलगा सर्वांत पुढे बसला होता. शेवटचे पिल्लू दिसेनासे झाल्यावर तो आमच्या जवळ येऊन म्हणाला, "सर, इथे लोक काळोख बघायला पैसे देतात."

वाक्य मार्मिक होते. पण त्याने प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. वेळास लहान आहे, पाहुणे थोडे आहेत आणि घरे किनाऱ्यापासून आत आहेत. मोरजीला जगभरातून लोक येतात आणि धंदा वाळूवरच आहे. एका गावचे माप दुसऱ्या गावाला जसेच्या तसे बसत नाही. शिवाय कासवे पाहावयास येणाऱ्यांची गर्दी वाढली तर ती गर्दीच कासवांवर उठेल, हा धोका वेळासलाही आहेच. परत आल्यावर त्या मुलाच्या घरच्यांनी दोन गोष्टी केल्या. समुद्राकडे तोंड असलेले दिवे फिरवून त्यांना झापे लावले आणि गिऱ्हाइकांच्या खाटा रात्री उचलून मागे ठेवू लागले. त्यांचा धंदा त्यामुळे बुडाला नाही. शेजारच्या दोघांनी अनुकरण केले, तिसऱ्याने केले नाही. इतकेच घडले आहे आणि जे घडले तितकेच आम्ही लिहीत आहोत.

कोणी म्हणेल, हजार पिल्लांत एखादेच मोठे होते असे सांगतात. मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर त्या हिशेबातच आहे. हजारांतून एक उरत असेल तर हजार समुद्रापर्यंत पोहोचलीच पाहिजेत. आणि उरलेले ते एक कासव कोण्या एका गावचे राहत नाही. २०२२च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारे यंत्र बसविले आणि तिचे नाव प्रथमा ठेवले. ती उत्तरेस गुजरातच्या समुद्रापर्यंत गेली. २०२३ साली गुहागरहून सोडलेली बागेश्री आपल्या गोव्यावरून दक्षिणेस उतरली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी तर २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे निराळी, असे समजले जात असे. तिने ते कोडे पुन्हा उभे केले. मोरजीच्या वाळूवर विझवलेला एक दिवा किती लांबच्या समुद्राच्या उपयोगी पडतो, हे यावरून ध्यानी यावे.

विद्यार्थिमित्रहो, एक साधा हिशेब करून पाहा. कासवीला मोठी होऊन अंडी घालावयास दहा पंधरा वर्षे लागतात आणि ती ज्या किनारपट्टीवर जन्मली त्याच भागात परत येते. या फेब्रुवारीत तुमच्या डोळ्यांदेखत जी पिल्ले गेली, त्यांतील एखादी परत येईल तेव्हा तुम्ही तिशीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आमच्या आजच्या वयाचे असाल. तुमच्यापैकी कोणी पंचायतीत असेल, कोणाचे शॅक असेल, कोणी वनखात्यात, कोणी दूरदेशी जहाजावर. किनाऱ्यावर दिवे कोठे लागावेत आणि बांधकाम कोठपर्यंत यावे, याचा निर्णय तेव्हा तुमच्या हातात असेल, आमच्या नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पुन्हा जायचे आहे. सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी जमावे. हातमोजे शाळा देईल. पाण्याची बाटली घरून आणावी आणि ती परत घरी न्यावी.